गंजलेला सायलेन्सर कसा सोडवावा?

जयपूरच्या झोटवाडा भागातील हवा वर्षातील बहुतेक महिने कोरडी असते. रत्नागिरीचे खारे वारे तेथे नाहीत. तरीही तेथील मोटारींचे सायलेन्सर गंजतात. याचे कारण असे की, गंजण्यास लागणारे पाणी मोटार स्वतःच निर्माण करते. पेट्रोलमधील हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते. एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे एक लिटर पाण्याइतकी वाफ तयार होते. फेरी लहान असली, तर नळी पुरेशी तापत नाही. मग वाफ आतच निवते आणि ते किंचित आम्ल पाणी लोखंड खाऊ लागते. बाहेरच्या बोल्टांचा संरक्षक लेप वारंवार तापण्या-निवण्याने जातो; पुढचे काम पावसाचे पाणी करते.

गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून आट्यांमध्ये तो पाचरीसारखा घट्ट बसतो. अशा वेळी नुसता जोर केल्यास नट सुटण्याऐवजी बोल्टच तुटतो.

प्रथम इंजिन पूर्ण निवू द्यावे. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून चाकांना अडसर लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरल्यास प्राणावर बेतते. गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी व डोळ्यांना चष्मा लावावा.

तारेच्या ब्रशाने आटे घासून त्यांवर गंज सोडविणारे पातळ तेल टाकावे. केशाकर्षणाने ते सूक्ष्म फटींत शिरते; पण त्यास वेळ लागतो. म्हणून ते रात्रभर मुरू द्यावे. नळीवर संवेदकाची तार असल्यास ती आधी सोडवावी. मग नेमक्या मापाचा सहा कोनी पाना बसवून नट प्रथम किंचित आवळावा, नंतर सैल करावा. असे पुढे-मागे केल्याने गंजाचा चुरा होतो. शेवटचा नट काढण्यापूर्वी नळीस खालून आधार द्यावा.

नट तापविला की प्रसरण पावून सैल होतो, हे खरे. परंतु जवळच पेट्रोलची नळी व अंगावर सांडलेले तेल असते. म्हणून ज्योतीचे काम कारखान्यातील कुशल कारागिरावर सोपवावे. घरी नट हटत नसेल, तर तो लोखंड कापण्याच्या करवतीने कापावा.

नवा भाग बसविल्यावर इंजिन मोकळ्या जागेतच सुरू करून गळती तपासावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वासही नाही. बंद खोलीत तो घातक ठरतो.