बँकेच्या आकड्यांचा ताळा कसा करावा

तिमाही निकाल लागले की वर्तमानपत्रांत बँकांचे तक्ते छापून येतात. नफा किती झाला आणि थकीत कर्जे किती, एवढे बहुतेक जण पाहतात. त्याच तक्त्यात खाली एक ओळ असते: भांडवल पर्याप्तता प्रमाण, बासेल-३. ठेवीदाराला हा आकडा नफ्याइतकाच महत्त्वाचा आहे, पण तो एकटा फार काही सांगत नाही. नियम कडक झाला की बँक प्रामुख्याने तीन वाटांनी जुळवून घेते. ती भांडवल उभारते, कर्जांची वाटणी बदलते किंवा ठेवी गोळा करण्याची रीत बदलते. आपल्या बँकेने कोणती वाट धरली, हे घरबसल्या तासाभरात पाहता येते. त्याची ही कृती.

आधी नियमाविषयी दोन शब्द. १९७४ मध्ये जर्मनीतली हेरस्टॅट बँक बुडाली आणि तिचे चटके इतर देशांतल्या बँकांना बसले. त्यानंतर मोठ्या देशांच्या मध्यवर्ती बँकांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात एक समिती बसवली. या समितीने १९८८ मध्ये ८ टक्के भांडवलाचा दंडक घातला. २००८ च्या संकटात दिसले की कागदावर भांडवल पुरेसे असूनही हाताशी रोकड नसली तर बँक कोसळते. म्हणून डिसेंबर २०१० च्या बासेल-३ मध्ये भांडवलाच्या जोडीला रोखतेचेही नियम आले. भारतात भांडवलाचे नियम १ एप्रिल २०१३ पासून लागू होऊ लागले.

काय हवे

बँकेचा ताजा वार्षिक अहवाल, मागच्या दोन वर्षांचे आकडे, कॅल्क्युलेटर आणि एक कोरा कागद. बासेल-३ लागू असलेल्या प्रत्येक बँकेला त्याची माहिती आपल्या वेबसाइटवर ठेवावी लागते. ‘रेग्युलेटरी डिस्क्लोजर्स’ किंवा ‘बासेल डिस्क्लोजर्स’ या नावाचा दुवा शोधा.

पायरी १: बँक कोणत्या गटात मोडते ते ठरवा

सरकारी किंवा खासगी व्यापारी बँक असेल तर बासेल-३ लागू आहे. नागरी सहकारी बँक असेल तर तिचे नियम वेगळे. थेट पायरी ७ कडे जा.

पायरी २: भांडवलाचे तीन थर वेगळे लिहा

कागदावर तीन ओळी आखा. पहिली सीईटी-१ ची: भागभांडवल आणि राखीव निधी. तोटा झाला तर आधी इथून भरला जातो, म्हणून हे सर्वांत अस्सल भांडवल. दुसरी एटी-१ ची: मुदत नसलेले रोखे. तिसरी टिअर-२ ची: मुख्यतः दीर्घ मुदतीचे गौण रोखे आणि काही तरतुदी.

आता किमान पातळीशी ताडून पाहा. बासेलचा किमान दंडक ८ टक्क्यांचा, रिझर्व्ह बँकेचा ९ टक्क्यांचा. त्यावर २.५ टक्क्यांची संरक्षक गंगाजळी धरली की एकूण ११.५ टक्के होतात. सीईटी-१ साठी हीच बेरीज ५.५ अधिक २.५, म्हणजे ८ टक्के. बुडाल्या तर साऱ्या व्यवस्थेला हादरा बसेल अशा तीन बँकांना याहून जास्त ठेवावे लागते. १ एप्रिल २०२५ पासून स्टेट बँकेला ०.८०, एचडीएफसी बँकेला ०.४० आणि आयसीआयसीआय बँकेला ०.२० टक्के जादा आहे.

एकूण प्रमाण भरपूर पण सीईटी-१ जेमतेम, असे दिसले तर बँक रोख्यांच्या टेकूवर उभी आहे असे समजा. येस बँकेच्या पुनर्रचनेत मार्च २०२० मध्ये ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-१ रोखे शून्यावर आणले गेले. प्रकरण पुढे न्यायालयात गेले. ठेवींना मात्र हात लागला नाही. ठेवीदाराच्या आधी तोटा सोसायचा, हेच या रोख्यांचे काम. बँकेतला कोणी जादा व्याजाचे रोखे ‘एफडीसारखेच’ म्हणून पुढे करू लागला, तर हे आठवा.

पायरी ३: भागाकार स्वतः करून पाहा

भांडवलाचे प्रमाण एकूण मालमत्तेवर नव्हे, जोखीम-भारित मालमत्तेवर काढतात. म्हणजे प्रत्येक कर्जाला त्याच्या धोक्याप्रमाणे वजन. केंद्र सरकारच्या रोख्यांना शून्य, अटींत बसणाऱ्या घरकर्जाला ३५ टक्के, बहुतेक वैयक्तिक कर्जांना १२५ टक्के. हे शेवटचे वजन रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये १०० वरून वाढवले.

एक काल्पनिक बँक घेऊ. सोयीसाठी सीआरआर, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे सक्तीने ठेवायची रोकड, बाजूला ठेवू. मालमत्ता १२० कोटी:

- सरकारी रोखे ३० कोटी, वजन शून्य: ०
- घरकर्जे ४० कोटी, वजन ३५ टक्के: १४ कोटी
- उद्योगांची कर्जे ३० कोटी, वजन १०० टक्के: ३० कोटी
- वैयक्तिक कर्जे २० कोटी, वजन १२५ टक्के: २५ कोटी

बेरीज ६९ कोटी. बाजारातली चढउतार आणि कामकाजातल्या चुका-फसवणुकी यांच्या जोखमीचे ११ कोटी मिळवले की ८० कोटी. भांडवल १०.२ कोटी: सीईटी-१ चे ८, एटी-१ चा १ आणि टिअर-२ चे १.२. भागाकार केला की प्रमाण १२.७५ टक्के येते.

आता समजा, या बँकेने वैयक्तिक कर्जांचे २० कोटी वसूल करून तेवढेच घरकर्जांत घातले. २५ कोटींच्या जागी ७ कोटी आले, भाजक ८० वरून ६२ कोटी झाला आणि प्रमाण १६.४५ टक्क्यांवर गेले. भांडवलात एका रुपयाचीही भर पडली नाही! म्हणून गेल्या दोन वर्षांचे भाज्य आणि भाजक वेगवेगळे लिहा आणि वाढ कुठून आली ते पाहा.

भाज्य वाढवणाऱ्या बँका बाजारातून पैसा आणतात किंवा नफा वाटून न टाकता राखून ठेवतात. जुलै २०२५ मध्ये स्टेट बँकेने संस्थात्मक गुंतवणूकदारांना शेअर विकून २५,००० कोटी उभारले. भाजक आवरणाऱ्या बँका कमी वजनाच्या कर्जांकडे वळतात. ते चूक नाही. पण उद्या धंद्यासाठी कर्ज मागायला गेलात तर व्याजदर चढा का, याचे एक उत्तर इथे असते.

पायरी ४: लिव्हरेज प्रमाणाने पडताळा घ्या

वजने लावण्यातच कसब दाखवले असेल तर ते पकडण्यासाठी हा दुसरा आकडा. इथे जोखमीचे वजन नसते. सीईटी-१ आणि एटी-१ ची बेरीज, भागिले बँकेचा एकूण पसारा. आपल्या उदाहरणात ९ भागिले १२०, म्हणजे ७.५ टक्के, कर्जांची अदलाबदल करूनही तेवढेच. भारतात किमान ३.५ टक्के, त्या तीन मोठ्या बँकांना ४ टक्के. पायरी ३ चा आकडा चढत असेल आणि हा घसरत असेल, तर बँकेचा पसारा भांडवलापेक्षा वेगाने वाढतो आहे.

पायरी ५: तीस दिवसांची रोकड मोजा

एलसीआर म्हणजे रोखता संरक्षण प्रमाण. महिनाभर ताण आला आणि ठेवी निघू लागल्या, तर चटकन पैशात बदलता येईल अशी मालमत्ता पुरेल का, एवढेच ते विचारते. २०१५ मध्ये भारतात ६० टक्क्यांपासून सुरुवात झाली आणि १ जानेवारी २०१९ ला १०० टक्के झाले. कोविडच्या काळात काही महिने सूट होती.

कोणाची ठेव किती पळेल, याचे दर नियमानेच ठरवले आहेत. आपल्या काल्पनिक बँकेला ते लावू:

- स्थिर किरकोळ ठेवी २० कोटी, ५ टक्के: १ कोटी
- इतर किरकोळ ठेवी ३० कोटी, १० टक्के: ३ कोटी
- कंपन्यांच्या ठेवी २० कोटी, ४० टक्के: ८ कोटी
- वित्तसंस्थांच्या ठेवी १६ कोटी, १०० टक्के: १६ कोटी

बाहेर जाणारे २८ कोटी, आत येणारे ४ कोटी धरले तर निव्वळ २४ कोटी. हाताशी सरकारी रोखे ३० कोटी. प्रमाण १२५ टक्के.

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर निघाले. रांग शाखेसमोर नव्हती, मोबाइलवर होती. डिजिटल बँकिंगमुळे पैसा किती झपाट्याने निघतो हे पाहून रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले की इंटरनेट किंवा मोबाइल बँकिंगची सोय असलेल्या किरकोळ ठेवींना २.५ टक्के जादा दर लावायचा. अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. आपल्या उदाहरणातल्या ५० कोटी किरकोळ ठेवी अशा असतील, तर निव्वळ गळती २५.२५ कोटी होते आणि प्रमाण ११९ टक्क्यांच्या आसपास येते.

मग बँक काय करते? वित्तसंस्थांच्या ८ कोटी ठेवी सोडून तेवढ्याच किरकोळ ठेवी आणते. ८ कोटींच्या गळतीऐवजी साडेबारा टक्क्यांनी १ कोटी धरावा लागतो आणि प्रमाण १६४ टक्क्यांवर जाते. घरगुती ठेवीदारासाठी बँका एकाएकी व्याज वाढवतात, त्यामागे बऱ्याचदा हा हिशोब असतो. एलसीआर तिमाहीतल्या रोजच्या आकड्यांची सरासरी काढून जाहीर होतो. त्यामुळे ३१ मार्चला एक दिवस तिजोरी भरून दाखवण्याचा इथे फारसा उपयोग नाही.

पायरी ६: वर्षभराची बाजू पाहा

एनएसएफआर म्हणजे निव्वळ स्थिर निधी प्रमाण. ते १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे आणि तेही १०० टक्के हवे. वीस वर्षांची घरकर्जे तीन महिन्यांच्या उसन्या पैशावर चालली आहेत का, हे त्यातून कळते. १०० च्या किती वर आहे आणि दोन वर्षांत कुठे सरकले, एवढे टिपले की पुरे.

पायरी ७: नागरी सहकारी बँक असेल तर

बासेल-३ इथे लागू नाही. रिझर्व्ह बँकेने या बँकांचे मुख्यतः ठेवींनुसार चार स्तर केले: १०० कोटींपर्यंत पहिला, १,००० कोटींपर्यंत दुसरा, १०,००० कोटींपर्यंत तिसरा आणि त्यावर चौथा. पहिल्या स्तराला सीआरएआर, म्हणजे भांडवल पर्याप्तता प्रमाण, किमान ९ टक्के, बाकीच्यांना १२ टक्के. जुन्या ९ टक्क्यांवर असलेल्यांसाठी टप्पे दिले: मार्च २०२४ पर्यंत १०, मार्च २०२५ पर्यंत ११ आणि मार्च २०२६ पर्यंत १२ टक्के. या बँकांना शेअर बाजारात जाता येत नाही. सभासदांचे भाग आणि राखलेला नफा हीच त्यांची मुख्य ताकद. म्हणून इथे लाभांशाचा दर आणि सीआरएआर शेजारी-शेजारी लिहा. पहिला चढता आणि दुसरा काठावर असेल तर संचालक मंडळाला जाब विचारायला हवा.

निकाल कसा लावावा

सीईटी-१ वाढलेला, लिव्हरेज टिकून, एलसीआर किरकोळ ठेवींच्या बळावर १०० च्या बराच वर: निश्चिंत राहा. एकूण प्रमाण रोख्यांनी फुगलेले, लिव्हरेज घसरते, ठेवी मोजक्या मोठ्या संस्थांच्या: रक्कम विभागून ठेवा. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंतच आहे.

हा ताळा वर्षातून एकदा, वार्षिक अहवाल आला की करा. आणि सहकारी बँकेचे सभासद असाल तर सर्वसाधारण सभेत आधी सीआरएआर विचारा. लाभांश किती, ते त्यानंतर.