उन्हाळी सुटी, कुमारवाचक आणि सार्वजनिक ग्रंथालय

ग्रंथालयाचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर साधारणतः दोन प्रकारचे वाचक येतात. पहिला प्रकार चित्रांची पुस्तके चाळणाऱ्या बालकांचा आणि दुसरा वर्तमानपत्रे व कादंबऱ्या वाचणाऱ्या प्रौढांचा. या दोहोंच्या मध्ये तेरा ते अठरा वर्षांचा एक मोठा वर्ग उभा आहे. तो ग्रंथालयात येतो. परंतु बहुधा स्वतःचे क्रमिक पुस्तक आणि वही घेऊन अभ्यासिकेत बसण्यासाठी. कपाटातील ग्रंथांशी त्याचा संबंध येतोच असे नाही. या वयाच्या मुलामुलींसाठी उन्हाळी सुटीत खास कार्यक्रम आखण्याची प्रथा अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत चांगलीच रुजली आहे. ती कशी निर्माण झाली, तिच्यामागील विचार कोणता आणि त्यातून आपणांस काय घेण्यासारखे आहे, याचा थोडक्यात परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ना बाल, ना प्रौढ

इंग्रजीत थर्टीनपासून नाइंटीनपर्यंतच्या अंकांच्या शेवटी ‘टीन’ हा प्रत्यय येतो, म्हणून या वयातील मुलांना ‘टीनएजर’ म्हणतात. आपण त्यांना कुमारवयीन किंवा किशोरवयीन म्हणतो. बालविभागातील खुर्ची या मुलांना लहान पडते आणि प्रौढ विभागात त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. याच वयात मुलगा वा मुलगी स्वतःची मते बनवू लागते, मित्रमंडळींचा प्रभाव वाढतो आणि ‘मोठे सांगतात म्हणून’ वाचणे बंद होते. वाचनाची गोडी टिकेल की सुटेल, याचा निकाल पुष्कळदा याच काळात लागतो. म्हणून त्यांच्यासाठी वेगळा विचार करावयास हवा, ही जाणीव ग्रंथालयशास्त्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दृढ झाली.

क्लीव्हलंड ते बाल्टिमोर

ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहराचे सार्वजनिक ग्रंथालय या बाबतीत अग्रेसर होते. तेथे १८९७ साली लिंडा ईस्टमन यांच्या पुढाकाराने ‘लायब्ररी लीग’ नावाचा मुलांचा संघ स्थापन झाला. पुस्तके स्वच्छ ठेवणे, ती जपून हाताळणे आणि चांगल्या पुस्तकांची वार्ता मित्रांपर्यंत पोहोचविणे, हे त्याचे काम. ग्रंथालय आपले आहे, ही भावना मुलांत निर्माण करावी, हे त्याचे मर्म होते. पुढे १९२५ मध्ये याच ग्रंथालयात कुमारवयीनांसाठी एक स्वतंत्र दालन उघडण्यात आले आणि त्याला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या साहसकथाकाराचे नाव देण्यात आले. त्या कामाची धुरा जीन रूस यांनी वाहिली.

न्यूयॉर्कमध्ये मेबेल विल्यम्स यांनी शाळा आणि ग्रंथालय यांच्यात दुवा निर्माण केला, तर मार्गारेट स्कॉगिन यांनी १९४१ साली उघडलेल्या नेथन स्ट्रॉस शाखेत मुलांना आणि तरुणांना हक्काची जागा दिली. पुस्तक वाचून झाल्यावर त्यावर मुलांनीच बोलावे, आवडले नाही तर तसे स्पष्ट सांगावे, हा पायंडा त्यांनी पाडला.

सर्वांत लक्षणीय उदाहरण मात्र बाल्टिमोरचे आहे. तेथील इनॉक प्रॅट ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स १९३२ पासून काम करीत होत्या. बाल्टिमोरच्या गल्लीबोळांत घोडागाडीतून फळे आणि भाजी विकणारे फेरीवाले असत. १९४० च्या दशकात एडवर्ड्सबाईंनी तशीच घोडागाडी उन्हाळ्यात भाड्याने घेतली, तीत पुस्तके भरली आणि गरीब वस्त्यांतून फिरवली. ग्रंथालयाच्या भव्य इमारतीची पायरी चढण्यास जी मुले बिचकत होती, त्यांच्या दारात ग्रंथालय जाऊन उभे राहिले. हाताखालच्या सहायकांकडून त्या आधी शेकडो पुस्तके वाचून घेत, कारण ज्याने पुस्तक वाचलेच नाही तो दुसऱ्याला त्याची गोडी काय लावणार, असा त्यांचा रोकडा विचार होता. या अनुभवांवरील त्यांचे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले.

१९५७ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाने कुमारवाचकांच्या सेवेसाठी स्वतंत्र विभाग केला आणि या कार्याला व्यवसायात अधिकृत स्थान मिळाले. १९८७ साली मिनेसोटा राज्यातील दहा विभागीय ग्रंथालय-यंत्रणांनी एकत्र येऊन उन्हाळी कार्यक्रमाचे साहित्य समाईक खर्चाने तयार करण्यास सुरुवात केली. या सहकाराचा विस्तार पुढे अन्य राज्यांत झाला.

सुटीत नेमके काय हरवते?

उन्हाळ्यावरच एवढा भर का, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. बार्बरा हाइन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९७८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शाळा चालू असताना गरीब आणि सुखवस्तू घरांतील मुलांच्या प्रगतीत जे अंतर असते, ते सुटीच्या महिन्यांत अधिक वाढते, असे त्यांना आढळले. शाळा सर्वांना थोडेफार सारखे देते. घर मात्र सारखे देऊ शकत नाही. सुटीतील निरनिराळ्या उद्योगांपैकी वाचनाचा संबंध शैक्षणिक प्रगतीशी सर्वांत निकटचा आहे आणि सार्वजनिक ग्रंथालयाचा वापर त्यास साहाय्यभूत ठरतो, हा त्यांचा दुसरा निष्कर्ष.

सुटीत होणारे नुकसान किती, याविषयी पुढील संशोधकांत मतभेद आहेत. परीक्षा कोणती घेतली आणि गुण कसे मोजले, यावर उत्तर बदलते. परंतु मूळ मुद्दा त्यामुळे बाधित होत नाही. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, त्याला सुटीत ग्रंथालय नसले तरी चालते. ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्याला शाळा बंद झाल्यावर ग्रंथालयावाचून दुसरा आधारच उरत नाही. हा प्रश्न केवळ करमणुकीचा नसून समान संधीचा आहे, तो या अर्थाने.

कार्यक्रमाची घडण

अमेरिकेत सुटी साधारणतः जून ते ऑगस्ट अशी असते. सुटी लागताच मुले ग्रंथालयात नाव नोंदवितात. वाचलेली पुस्तके, पाने किंवा तास यांची नोंद ठेवली जाते आणि ठरावीक टप्प्यावर लहानसे बक्षीस मिळते. याच्या जोडीला पुस्तकचर्चा, लेखनशिबिर, चित्रपट, हस्तकला, बुद्धिबळासारखे खेळ, संगणकावरील प्रयोग असे कार्यक्रम आठवडाभर चालतात. पुष्कळ ग्रंथालयांत कुमारवयीनांचे सल्लागार मंडळ असते. कोणती पुस्तके घ्यावीत, कोणता कार्यक्रम करावा, हे ते सुचविते.

काळाप्रमाणे या कल्पनेचा विस्तारही झाला. शिकागोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात २००९ साली ‘यूमीडिया’ हे दालन सुरू झाले. तेथे मुलांना ध्वनिमुद्रण, चित्रण आणि संगणकीय निर्मितीची साधने हाताळता येतात. मुलाने आधी नुसते येऊन बसावे, मग हाताळून पाहावे आणि आवड जडली की त्यात खोल शिरावे, अशा तीन पायऱ्या त्यामागे कल्पिल्या आहेत. शाळा बंद असताना शाळेतील जेवणही बंद होते, हे ध्यानात घेऊन अनेक ग्रंथालये सरकारी योजनेखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना दुपारचे भोजन देतात. उपाशी पोटी वाचन होत नाही, हे साधे सत्य त्यांनी ओळखले.

दंडाचा प्रश्नही असाच. पुस्तक उशिरा परत केल्याचा दंड साठला की गरीब मूल ग्रंथालयाकडे फिरकेनासे होते. लॉस एंजेलिस परगण्याच्या ग्रंथालयाने २०१७ मध्ये यावर एक सुंदर तोड काढली. एकवीस वर्षांखालील वाचकाने ग्रंथालयात बसून वाचावे आणि तासाला पाच डॉलर या हिशेबाने त्याचा दंड फिटावा! शिकागोने तर २०१९ साली विलंबदंडच रद्द केला.

बक्षिसांचा प्रश्न

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप आहे. बक्षिसासाठी वाचणारे मूल बक्षीस संपताच वाचन सोडील. शिवाय संख्या वाढविण्यासाठी ते पातळ पातळ पुस्तके निवडील. आक्षेप बिनतोड नसला तरी दुर्लक्षणीय खासच नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून जी उन्हाळी वाचन-मोहीम चालते, ती मुख्यतः चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी असून तीत प्रदीर्घ काळ सहा पुस्तकांचे माफक लक्ष्य ठेवण्यात आले. त्याहून मोठी मुलेमुली तेथे स्वयंसेवक म्हणून काम करतात. लहानग्यांची नावे नोंदवितात, त्यांनी काय वाचले ते विचारतात. मला वाटते, आक्षेपाचे उत्तर येथेच सापडते. बालकाला चिकटचित्राने आनंद होईल. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याहून जबाबदारीचे मोल अधिक वाटते. दुसऱ्याला पुस्तक सुचवायचे म्हटले की आपण ते आधी वाचावे लागते. कुमारवयीनाला नुसता वाचक न ठेवता ग्रंथालयाचा कार्यकर्ता बनविणे, हेच क्लीव्हलंडच्या १८९७ सालच्या संघाचे सूत्र होते.

बडोदे आणि आपण

अमेरिकेतील ही ग्रंथालय-चळवळ आपणांस सर्वस्वी परकी आहे असे नव्हे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेस गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून प्रभावित झाले. १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये, असे जाळे तेथे उभे राहिले. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक निघाले, त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते. सक्तीच्या मोफत शिक्षणाने साक्षर झालेला मुलगा शाळा सुटल्यावर पुन्हा निरक्षर होऊ नये, ही त्यामागील दृष्टी. सुटीतील वाचनाचा विचार हा त्याच दृष्टीचा छोटा आविष्कार म्हणता येईल.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून त्यांना शासकीय अनुदान देण्याची पद्धत आहे. मात्र आपल्या कायद्याने ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर बसविला नाही. अमेरिकेतील ग्रंथालय स्थानिक करांतून चालते आणि म्हणून वाचकास ते निःशुल्क असते. आपली बहुतेक ग्रंथालये संस्थांनी चालविलेली असून अनुदान, वर्गणी आणि देणगी यांवर उभी आहेत. वर्गणी लहान असते हे खरे. परंतु वर्गणी आणि अनामत मिळून होणारी रक्कम मोलमजुरी करणाऱ्या घरातील मुलाला मोठीच वाटते. तेव्हा तिकडील कार्यक्रमाची हुबेहूब नक्कल येथे चालणार नाही. आपल्या परिस्थितीला मानवेल असे रूप शोधले पाहिजे.

काय करता येईल?

आपली सुटी एप्रिल-मे महिन्यांत येते. दहावीची परीक्षा संपवून बसलेल्या मुलामुलींना निकाल लागेपर्यंत दोन-अडीच महिने मोकळे मिळतात. शाळेचे दडपण नसलेला एवढा सलग काळ विद्यार्थिदशेत क्वचितच लाभतो. त्या दृष्टीने पुढील गोष्टी विचारार्ह वाटतात.

एक : एप्रिल ते जून या काळासाठी अनामत रकमेवाचून तात्पुरते सभासदत्व द्यावे, शाळेच्या मुख्याध्यापकांची किंवा एखाद्या जुन्या सभासदाची हमी पुरेशी मानावी.

दोन : अभ्यासिकेच्याच खोलीत एक फळी कुमारवाचकांची असावी. विज्ञान, प्रवास, चरित्रे, साहस, विनोद अशी पुस्तके तीत उघडी मांडावीत. कुलूपबंद कपाटातील पुस्तक मागण्यास या वयाची मुले संकोचतात.

तीन : आठवड्यातून एक दिवस पुस्तकगप्पा ठेवाव्यात. व्याख्यान नको. वाचलेल्या पुस्तकाविषयी प्रत्येकाने पाच मिनिटे बोलावे, आणि ‘आवडले नाही’ म्हणण्याचीही मुभा असावी.

चार : उन्हाची वेळ टाळून सकाळी व सायंकाळी दालन उघडे ठेवावे. घरच्या कामातून मुलींना केव्हा सवड मिळते, याची चौकशी करूनच वेळ ठरवावी. अन्यथा कार्यक्रम केवळ मुलांचा होईल.

पाच : ज्या वस्तीत ग्रंथालय नाही, तेथे पुस्तकांची पेटी न्यावी. बाल्टिमोरला घोडागाडी होती. आपल्याकडे सायकलवरही पेटी बसते.

यांपैकी कशालाही मोठे भांडवल लागत नाही. माणसे मात्र लागतात. येथेच आपला, म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा, संबंध येतो. ग्रंथालयातील तुटपुंज्या कर्मचारीवर्गाकडून या अधिक कामाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक १९६९ पासून रस्ते, वृक्षारोपण, साक्षरता अशी कामे करीत आले आहेत. त्याच तडफेने सुटीतील सहा आठवडे गावच्या ग्रंथालयास देता येतील. अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी हा पंधरा वर्षांच्या मुलाला गुरुजींपेक्षा जवळचा वाटतो. त्याने सुचविलेले पुस्तक उपदेश न वाटता मित्राची शिफारस वाटते. हा आपला मोठाच फायदा होय.

समारोप

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा आशय आहे. कुमारवयीन मूल हाही वाचक आहे. त्याचा ग्रंथही कोठेतरी कपाटात आहे. दोहोंची गाठ घालून देण्यास सुटीसारखा मुहूर्त नाही. शाळेचे दार मे महिन्यात बंद असते. त्या दिवसांत ग्रंथालयाचे दार मुलांसाठी खऱ्या अर्थाने उघडे राहावे आणि त्या दारात स्वागताला आपल्यापैकी कोणीतरी उभे असावे, एवढीच या लेखनामागील अपेक्षा आहे.