बूस्ट वाढवण्याआधी

टर्बो असलेल्या गाडीची ताकद वाढवणं आज लाज वाटावी इतकं सोपं झालं आहे. एक लॅपटॉप, डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारी केबल आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढं जवळ असलं, की रविवारी सकाळी दुसरा चहा होईपर्यंत ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, नवा मॅप, म्हणजे आकड्यांची नवी कोष्टकं, गेलेला असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला असं करून फारसं काही हाती लागत नाही. टर्बोचं तसं नसतं. एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारी चकती सिलिंडरात हवा कोंबत असते आणि किती कोंबायची हे सॉफ्टवेअर ठरवतं. आकडा बदलला की हवा वाढली, हवेबरोबर पेट्रोल वाढलं, आणि पाय दाबल्यावर पाठ सीटला चिकटली. या सोपेपणामुळेच माणूस फसतो.

माझी गाडी 2011 ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, कॅलिफोर्नियात जुनी घेतलेली. सुबारू भारतात विकली जात नाही, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या वाचकाला ती बहुधा रॅलीच्या व्हिडिओंतूनच माहीत असेल. अडीच लिटरचं, चार सिलिंडर आडवे झोपलेलं इंजिन, कारखान्यातून 265 अश्वशक्ती, बूस्ट 13 पीएसआयच्या आसपास. म्हणजे वातावरण जेवढं दाबतं, जवळजवळ तेवढाच दाब टर्बो वरून आणखी देतो. घरी ट्यून करणाऱ्यांची ही लाडकी गाडी, कारण रॉमरेडर नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तिच्या ईसीयूची बहुतेक कोष्टकं उघडून दिसतात आणि बदलताही येतात.

या गाडीचं इंजिन गेलं ते बूस्ट वाढवण्याने नव्हे. मॅप अजून मूळचाच होता. बदलला होता फक्त एअर फिल्टर आणि त्याची नळी. ट्यूनिंगची पहिली पायरी म्हणून सगळे तेच बसवतात, आवाज छान येतो, आणि पाना-स्क्रूड्रायव्हर धरता येणाऱ्या कोणालाही ते जमतं.

इंजिनात किती हवा शिरते हे मोजायला नळीत मॅफ सेन्सर असतो. त्यातली तापलेली तार हवेने थंड होते, तिला गरम ठेवायला किती वीज लागली त्यावरून हवेचा अंदाज बांधला जातो. सेन्सरला नळीतून जाणारी एकूण हवा कळत नाही, तारेजवळून किती जाते तेवढंच कळतं. नवी नळी जुनीपेक्षा थोडी रुंद होती. रुंद नळीतून तेवढीच हवा संथ जाते, तार कमी थंड होते, आणि ईसीयूला वाटतं की हवा कमी आली. मग तो पेट्रोल कमी सोडतो. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचं लक्षात येत नाही: हवा कमी म्हणजे इंजिनावर भार कमी, असं समजून तो इग्निशन टायमिंगच्या कोष्टकातही हलक्या भाराचा रकाना निवडतो आणि ठिणगी लवकर टाकतो. मिश्रण कोरडं आणि ठिणगी घाईची. दोन्ही चुका एकाच दिशेच्या.

रोजच्या चालवण्यात याचा पत्ता लागत नाही. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्ट तपासत असतो आणि ईसीयू त्यावरून पेट्रोल वाढवून घेतो. आमटी खारट झाली की कोणाला न सांगता त्यात पाणी घालणाऱ्या आजीसारखा तो सगळं सावरून घेतो, आणि जेवणाऱ्यांना वाटतं स्वयंपाक उत्तम झाला. या सावरण्याची नोंद मात्र राहते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. ट्रिम अधिक-उणे पाच टक्क्यांत असेल तर ठीक, दहाच्या पुढे गेली तर कुठेतरी काहीतरी खोटं मोजलं जात आहे. माझ्या गाडीच्या जुन्या लॉगमध्ये, म्हणजे ईसीयूतून नोंदवून घेतलेल्या आकड्यांत, ती बाराच्या वर गेलेली नंतर सापडली. पूर्ण पाय दिल्यावर बहुतेक गाड्यांत हे तपासणं बंद होतं आणि ईसीयू कोष्टकावर विसंबून चालतो. नेमकं तिथेच मोजमाप बरोबर असायला हवं.

उन्हाळ्यात सॅक्रामेंटोकडून ताहोच्या दिशेने जाताना ऑबर्नच्या पुढे इंटरस्टेट 80 चा लांबच लांब चढ लागतो. गाडी भरलेली, एसी चालू, टर्बो सतत कामाला. वर पोहोचेपर्यंत काहीही जाणवलं नाही. न्याहारीला थांबून परत सुरू केली तर आयडलला मिसिंग, मागे निळसर धूर, आणि चेक इंजिनचा दिवा. कोड पी0304, म्हणजे चौथा सिलिंडर पेटत नाही. कॉम्प्रेशन तपासलं: तीन सिलिंडर एकमेकांच्या जवळपास, चौथा पार खाली. लीक-डाऊन चाचणीत हवा भरली तर ऑइलच्या झाकणातून फसफसून बाहेर. झडपा ठीक होत्या, गळती पिस्टनच्या बाजूने होती. इंजिन उतरवल्यावर दिसलं, की पिस्टनच्या दोन रिंगांमधला पातळ कठडा तुटून आला होता.

हे करतं नॉकिंग. ठिणगीने पेटलेली ज्वाला सिलिंडरभर पसरण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं, दाबाचा तडाखा बसतो, आणि ओतीव पिस्टनचा तो कठडा असे तडाखे थोडेच सोसतो. जुन्या स्कूटरवर चढाला ऐकू यायची ती टकटक तीच. टर्बो गाडीत, मोठा एक्झॉस्ट लावल्यावर, खिडक्या बंद असताना ती ऐकू येत नाही. ‘मला आवाज कळतो’ म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नये.

म्हणून माझं मत असं, की घरी ट्यून करणाऱ्याने पहिला पैसा ताकदीवर नव्हे तर मोजण्यावर घालावा. एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि त्याचा गेज आधी, नवा एक्झॉस्ट नंतर. कारखान्याचा सेन्सर साध्या चालवण्यासाठी असतो, पूर्ण बूस्टमधल्या ओल्या मिश्रणाचा आकडा तो धड दाखवत नाही. गेज लॅम्डावर लावा. लॅम्डा 1 म्हणजे हवा आणि पेट्रोल दोन्ही पुरेपूर जळण्याचं प्रमाण, पेट्रोल कुठलंही असो. माझ्या इंजिनाच्या जातीला पूर्ण बूस्टमध्ये 0.75 ते 0.78 मानवतो. 0.85 दिसला की त्याच क्षणी पाय उचलायचा, कारण मागाहून शोधायचं. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांचे आकडे वेगळे असतात, ते त्या इंजिनावर काम केलेल्या माणसाकडूनच घ्या.

त्याआधी इंजिन निरोगी आहे का ते पाहा. जुन्या गाडीचं कॉम्प्रेशन न तपासता मॅप टाकणं म्हणजे वेडेपणा. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपांत हवा भरून साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तिथे गळती. स्पार्क प्लग नवे घाला. ऑइल दर टाकीला डिपस्टिकवर बघा. टर्बोचं बेअरिंग ऑइलवरच जगतं, आणि ही इंजिनं ऑइल पितात. मॅप चढवताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी जागची हलत नाही. मूळ मॅपची प्रत आधी काढून दोन ठिकाणी ठेवायची, हे सांगायला नको.

मग लॉग. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर लॉग. सुबारूत पाहायचे आकडे तीन: ईसीयूने त्या क्षणी नॉक ऐकून मागे घेतलेलं टायमिंग, त्या ठिकाणी कायमचं लक्षात ठेवलेलं टायमिंग, आणि एकूण विश्वासाचा गुणक, ज्याला डॅम म्हणतात. डॅम 1 असायला हवा. तो खाली आला असेल तर ईसीयूला काहीतरी गंभीर ऐकू आलं आहे; बूस्ट वाढवायचा विचार त्या दिवशी सोडून द्या. एखादा एकटा खडखडाट सैल पट्टीचाही असू शकतो. त्याच आरपीएमला, त्याच भाराला तो पुन्हा पुन्हा आला तर तो नॉकच.

नॉक वरच्या आरपीएमला होतो असा समज आहे. खालीही होतो, आणि तिथे जास्त वाईट, कारण मिश्रणाला भडकायला वेळ मिळतो. छोट्या टर्बोच्या, डायरेक्ट इंजेक्शनच्या नव्या इंजिनांत तर ठिणगीच्याही आधी पेट घेण्याचा वेगळाच आजार आहे, कमी आरपीएम आणि जास्त भार असताना होणारा. तेल कंपन्यांना त्यासाठी ऑइलचे नवे दर्जे आणावे लागले: 2018 मध्ये एपीआय एसएन प्लस, 2020 मध्ये एसपी. रीमॅप केलेली गाडी घाटात वरच्या गिअरमध्ये 1,800 आरपीएमला पूर्ण दाबू नका. गिअर खाली घ्या. ही एकच सवय बरीच इंजिनं वाचवेल.

आता भारतातल्या वाचकांसाठी थोडं सविस्तर, कारण इथे मी अनेकांना एकाच खड्ड्यात जाताना पाहतो. अमेरिकेत पंपावर ऑक्टेनचा जो आकडा असतो तो रॉन आणि मॉन या दोन मापांची सरासरी असते. भारतात ऑक्टेन सांगतात तो रॉन. कॅलिफोर्नियातलं 91 म्हणजे भारतीय मापाने सुमारे 95-96 रॉन. भारतातलं साधं पेट्रोल बरीच वर्षं 91 रॉनचं होतं, म्हणजे अमेरिकेतल्या साध्या 87 एवढंच. अमेरिकेतून उतरवलेला, ‘91 ऑक्टेनसाठी’ असं लिहिलेला मॅप कोथरूडमध्ये तसल्या 91 रॉन पेट्रोलवर चालवला तर टायमिंग कितीतरी पुढे असतं. मुंबई-पुण्यात एक्सपी100 हे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं हे खरं, पण चिपळूणच्या अलीकडे टाकी रिकामी झाली तर काय घालणार? ट्यून त्या पेट्रोलसाठी करा जे तुमच्या नेहमीच्या वाटेवरच्या सगळ्यात गरीब पंपावर मिळतं.

शिवाय इथेनॉल. ते नॉकला चांगला आवर घालतं, पण त्याला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून वीस टक्क्यांवर गेलं की त्याच हवेला सुमारे चार टक्के इंधन अधिक हवं. आधीच्या पेट्रोलवर काठावर बसवलेला मॅप नव्या पेट्रोलवर त्या चार टक्क्यांनी कोरडा पडतो. जुना मॅप असेल तर पूर्ण बूस्टचा लॉग पुन्हा काढा.

गिअरबॉक्सलाही विसरू नका. 2013 मध्ये भारतात आलेली 1.2 लिटरची पोलो जीटी टीएसआय 105 पीएस आणि 175 न्यूटन मीटरची, आणि तिचा ड्राय क्लच असलेला डीक्यू200 गिअरबॉक्स 250 पर्यंतचा. वर जागा दिसते म्हणून सगळी वापरायची नसते. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तो क्लच आधीच तापलेला असतो.

लॉग काढायला रस्ता वापरू नका. पूर्ण पाय देऊन तिसरा गिअर ओढला की माझी गाडी ताशी 80 मैलांच्या पुढे जाते, आणि त्या वेळी तुमचे डोळे गेजवर असतात. डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तास घ्या, किंवा ट्रॅक डेला जा: कोइंबतूरजवळ कारी आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग ही कोणाची प्रयोगशाळा नाही.

कायद्याचं थोडक्यात. कॅलिफोर्नियात फिल्टरच्या नळीलाही राज्याच्या मान्यतेचा क्रमांक लागतो, आणि जुलै 2021 पासून धुराच्या तपासणीत ईसीयूचं सॉफ्टवेअर मूळचं आहे का हेही पाहतात. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांना अटकाव करतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न सांगितलेला रीमॅप अपघातानंतर बाहेर आला तर दाव्याचं काय होईल, हे आधी आपल्या एजंटला विचारून घ्या.

माझं इंजिन पुन्हा बांधायला गाडीच्या तेव्हाच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक खर्च आला. त्यात घडीव पिस्टन घातले, मॅफचं कोष्टक नव्या नळीप्रमाणे बसवून घेतलं, आणि मग बूस्ट वाढवला, तोही थोडाच. गाडी आजही चालते आणि चालवायला मजा येते. घरी ट्यूनिंग करूच नये असं मी म्हणणार नाही. इंजिन कसं विचार करतं हे शिकायला याहून चांगली शाळा मला सापडलेली नाही.

शेवटची विनंती गाडी विकणाऱ्यांना. काय बदललं, कोणता मॅप आहे, कोणत्या पेट्रोलसाठी आहे, हे घेणाऱ्याला कागदावर लिहून द्या, आणि मूळ मॅप परत चढवून दिला असेल तर तेही लिहा. किंमत थोडी कमी येईल. येऊ द्या.