आधी पाणी, मग आमिष, शेवटी गळ
(गोड्या पाण्यातील कार्प मासे गळाने धरण्यासंबंधी)



लागण, खोडवा, पाचट आणि पाणीपाळी यांच्या अंकात हे माशांचे काय काढले, असे कोणी म्हणेल. पण आज आपल्या कार्यक्षेत्रात शेततळी झाली आहेत. २०१६ सालच्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर तर ती गावोगाव दिसू लागली. पुष्कळांनी त्यात कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडली आहेत. तोडणी संपली की चार दिवस हात मोकळा असतो. अशा वेळी पोरंबाळं आणि आपणही गळ घेऊन काठावर बसतो आणि बहुधा रिकाम्या हाताने उठतो. आमचेही तसेच झाले. त्यातून जे शिकलो ते येथे देत आहोत.

आम्ही तिघांनी मिळून मुंबईहून चांगली काठी, रीळ आणि डबाभर गळ आणले. एका सभासदाच्या शेततळ्यावर ओळीने तीन रविवार बसलो. एक मासा लागला नाही. तिसऱ्या रविवारी तर आमच्यातला एक जण ओल्या प्लॅस्टिकवरून घसरून थेट पाण्यात गेला. त्याची हकीकत शेवटी सांगतो, कारण या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

पुढे लग्नाच्या निमित्ताने मुलुंडला पाहुण्यांकडे जाणे झाले. शेजारी सातारकडचे एक वयस्क गृहस्थ राहतात. कारखान्यात फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, आणि उभा जन्म गळ टाकण्यात घालवलेला. आम्ही आमच्या सामानाची यादी सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही नांगराच्या आधी मळणीयंत्र घेतलंत. आधी पाणी बघा, मग आमिष करा. गळ सगळ्यात शेवटी."

१. पाणी कसे पाहावे

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला गच्चीवर नेले. पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी, पश्चिमेला डोंगर. म्हणाले, "एकाच मुलुंडात दोन पाणी. खाडीच्या खाऱ्या पाण्यात रोहूसाठी जन्मभर बसलात तरी काही लागायचं नाही." डोंगरापलीकडे तुळशी (१८७९) आणि विहार (१८६०) हे तलाव आहेत. पाणी गोडे, पण ते मुंबईच्या पिण्याचे, राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातले. तेथे गळ टाकायचा नाही. तिसरा पवईचा तलाव १८९१ च्या सुमाराचा. त्याचे पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळकऱ्यांची जुनी संस्था तेथेच आहे. पण त्याही तलावाला सांडपाण्याने आणि जलपर्णीने ग्रासले आहे. शिवाय त्यात मगरी आहेत, त्यामुळे काठाला पाय सोडून बसण्याची सोय नाही.

यावरून पहिला धडा असा की पाण्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, हे पाणी कोणाचे? आपल्याकडील बरेचसे पाझर तलाव आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेले असते. आपण स्वतः सहकारातली माणसे. आपल्या उसाची चार कांडी कोणी न विचारता मोडली तर आपण काय म्हणू? तेव्हा संस्थेच्या माणसाला विचारावे आणि ठरेल ते शुल्क द्यावे.

दुसरा प्रश्न, यात मासा कोणता? शेततळे असेल तर मालकाला विचारावे. बीज किती, कोणते आणि केव्हा सोडले याची नोंद प्रत्येक तळेवाल्याने वहीत ठेवावीच. कटला पृष्ठभागाजवळ चरतो. त्याचे तोंड मोठे आणि वर वळलेले असते. रोहू मधल्या थरात असतो आणि त्याचे ओठ झालरीसारखे असतात. मृगळ तळाशी राहून गाळातले कुजके खातो. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, मिशांनी चाचपत तळ उकरतो. गवत्या कोवळे गवत खातो. चंदेऱ्या पाण्यातली सूक्ष्म वनस्पती गाळून खातो, म्हणून तो सहसा गळाला येत नाही. आम्ही तीन रविवार तळाशी गळ टाकून बसलो होतो, आणि त्या तळ्यात सोडला होता बहुतेक कटला! दोष ना काठीचा होता, ना नशिबाचा.

तिसरा प्रश्न, पाणी जिवंत आहे का? मासा पाण्यातल्या प्राणवायूवर जगतो. ३० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो, आणि कार्पच्या चांगल्या वाढीसाठी त्यातला ५ मिलिग्रॅम तरी हवा. हिरव्यागार तळ्यात शेवाळही रात्रभर प्राणवायू वापरते, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ-आ करत असतील तर ते भुकेले नसतात, गुदमरलेले असतात. तेव्हा गळ गुंडाळावा आणि मालकाला उठवून ताजे पाणी सोडायला किंवा पंपाने तळ्याचेच पाणी उडवायला सांगावे. ऊन वर आल्यावर मासा चरायला लागतो. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे खाद्य लोटले जाते. त्या बाजूला बसावे.

येथे एक घरची गोष्ट बोलणे भाग आहे. मळी आणि आसवनीचे सांडपाणी ओढ्यात गेले की ते नासवताना जंतू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासा विषाने मरतो असे नाही, तो श्वास कोंडून मरतो. उन्हाळ्यात नदीचे पाणी थांबलेले असताना थोडीशी मळीही पुरे होते. नदीकाठी मेलेल्या माशांचा खच आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. कारखाना आपला आहे, म्हणून ओढ्याच्या पाण्यावर नजर ठेवण्याचे कामही आपलेच. तणनाशकाचा पंप ओढ्यात धुण्याची सवयही त्याच हिशेबात धरावी.

२. आमिष घरचेच

दुकानातल्या सुगंधी पुड्यांची काही गरज नाही. कार्पला जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो आमिष ओढून घेतो, चाचपतो आणि नको असेल तर फुंकून टाकतो. म्हणून आमिष मऊ आणि वासाचे हवे, पण पाण्यात लगेच विरघळणारे नको. मुलुंडच्या आजोबांनी आम्हांला एक साधी परीक्षा दाखवली. पिठाची गोळी पाण्याच्या बादलीत सोडायची आणि घड्याळ लावायचे. आमची गोळी पाच मिनिटांत विरघळली. म्हणजे तीन रविवार आम्ही बहुतेक वेळ रिकामा गळ भिजवत होतो. त्यांची गोळी अर्धा तास टिकली.

रोहू आणि मृगळासाठी : दोन वाट्या शेंगदाणा पेंड (बारीक कुटलेली), एक वाटी भाताचा कोंडा, एक वाटी कणीक आणि दोन चमचे काकवी. पाणी बेताने घालून घट्ट मळावे व ओल्या फडक्यात तासभर ठेवावे. बादलीत लवकर विरघळली तर कणीक वाढवावी, दगडासारखी राहिली तर कोंडा वाढवावा. काकवी नसेल तर गूळ चालेल. उसाच्या घरात याला पैसा पडत नाही.

सायप्रिनससाठी : मका चोवीस तास भिजवून दाणा फुटेपर्यंत शिजवावा. कच्चा, कोरडा दाणा टाकू नये. तो माशाच्या पोटात फुगतो.

मृगळ आणि सायप्रिनस दोघांसाठी : गांडूळ. प्रेसमडच्या जुन्या, निवलेल्या खताच्या ढिगाशेजारी हवे तेवढे मिळते.

कटल्यासाठी : भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ आणि पावाचा चुरा यांची हलकी, भुसभुशीत गोळी. ही मात्र पाण्यात हळूहळू सुटून ढगासारखी पसरली पाहिजे, कारण कटला तरंगते सूक्ष्म जीव खाणारा आहे. येथे अर्ध्या तासाचा नियम लावू नये.

गवत्यासाठी : मक्याचे कोवळे पान किंवा पावाचा तुकडा, पाण्यावर तरंगता.

गळ टाकण्यापूर्वी त्याच जागी मूठ-दोन मूठ चारा टाकावा. घमेलेभर टाकू नये. न खाल्लेला चारा तळाशी कुजतो आणि पुन्हा प्राणवायूच खातो.

३. गळाची जुळणी

आता सामानाकडे येऊ. जुळण्या दोनच शिकल्या तरी पुरते.

तरंगती जुळणी (कटला, रोहू) : तंगुसाला हलका तरंग बांधावा. मोरपिसाचा देठ किंवा ज्वारीच्या ताटाचा भेंडासारखा गर चालतो. खाली तरंग उभा राहील एवढेच शिसे आणि टोकाला गळ. कटल्यासाठी तरंगापासून गळ दोन-तीन फूट खाली ठेवावा, रोहूसाठी मधल्या थरापर्यंत. त्यासाठी आधी दोरीला जड शिसे बांधून खोली मोजावी. न मोजता टाकलेला गळ म्हणजे माती न तपासता टाकलेले खत.

तळाची जुळणी (मृगळ, सायप्रिनस) : मधोमध भोक असलेली शिशाची गोळी तंगुसात ओवावी, म्हणजे ती मोकळी सरकते. तिच्याखाली गाठ किंवा मणी आणि पुढे वीतभर तंगूस सोडून गळ. शिसे सरकते असल्याने मासा आमिष उचलतो तेव्हा त्याला वजन लागत नाही. पक्के बांधलेले शिसे लागताच तो आमिष सोडून देतो.

गळाचा आकडा जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानात लक्षात ठेवावे. शेततळ्यातल्या किलो-दोन किलोंच्या माशाला ६ किंवा ८ नंबरचा पुरतो. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहावे. घसरले तर गळ बोथट आहे. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी आणखी एक युक्ती काढली. आमिष गळावर न खोचता, गळाखाली केसाएवढ्या बारीक दोऱ्यावर बांधायचे. मासा आमिष ओढतो तेव्हा मोकळा गळ मागोमाग तोंडात जातो आणि फुंकताना ओठात अडकतो. शिजवलेल्या मक्याचे दोन दाणे असे बांधून पाहावेत.

पण मोठे सामान म्हणजे मोठा मासा, असे समीकरण नाही. १९५२ साली इंग्लंडच्याच रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर या लहानशा तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोंचा सायप्रिनस धरला. माशाच्या चालीरीतींचा अभ्यास हे त्यांचे खरे सामान होते.

४. मासा हाती आल्यावर

हात आधी ओले करावेत. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे रोगाने मरतो. लहान मासा सोडूनच द्यावा. पावसाळ्यात नदी-ओढ्याला पूर चढतो तेव्हा कटला, रोहू, मृगळ अंडी घालायला वर चढतात. त्या दिवसांत पोटात गाभोळी असलेली मादी धरू नये. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी संप्रेरकाची सुई देऊन या माशांचे प्रजनन घडवले, म्हणून आज आपल्याला बोटुकली विकत मिळतात. पण नदीत बीज पेरायला कोणी येत नाही. तेथे मादीच बियाणे आहे.

तंगुसाचे तुकडे काठावर टाकू नयेत. पक्ष्यांच्या पायांत आणि जनावरांच्या पोटात ते जातात.

५. सर्वांत महत्त्वाचे

आमचा सोबती पाण्यात गेला तेव्हा तो पोहणारा गडी होता. तरी बाहेर येईना. प्लॅस्टिकच्या उतारावर शेवाळ धरलेले, पाय टेकायला खाच नाही आणि हाताला धरायला काही नाही. चार वेळा चढला, चार वेळा घसरला. दम संपत आला होता. आम्ही दोघे काठावर महागडी काठी धरून उभे. तेवढ्यात मालकाच्या गड्याने ट्रॅक्टरचा दोर आणून फेकला, म्हणून आज तो हा लेख लिहायला आमच्याबरोबर आहे.

अस्तराच्या शेततळ्यात पोहता येणाराही बुडतो. दर वर्षी अशा बातम्या येतात आणि त्यांत लेकरेच अधिक असतात. म्हणून आमची सर्व तळेवाल्यांना हात जोडून विनंती आहे. चारही बाजूंना खुंट्याला पक्का बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवा. एक रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन दोराला बांधून काठावर ठेवा. भोवती कुंपण घाला. गळ टाकायला कोणी एकट्याने जाऊ नये, आणि मुलांना मोठ्या माणसाशिवाय मुळीच सोडू नये. कोणी पडला तर मागोमाग उडी मारू नये, दोर फेकावा.

मुलुंडहून परतल्यावर आम्ही त्याच तळ्यावर गेलो. आधी दोर बांधले. मग खोली मोजली, हरभऱ्याच्या पिठाची गोळी केली आणि तरंग लावला. ऊन वर आल्यावर तासाभरात तरंग हलला आणि दोन किलोंच्या आसपासचा कटला वर आला. तो मालकाच्या हवाली केला आणि मुलुंडला फोन लावला. आजोबांनी मासा किती मोठा हे विचारले नाही. "दोर बांधलात का?" एवढेच विचारले.

बांधला होता. आपणही बांधावा, एवढे सांगून थांबतो.