‘फोटो’ काढणाऱ्याच्या हाती काय असते?

‘नीट’चा निकाल लागला की नगर जिल्ह्यातल्या घराघरांत उतरंड मांडली जाते: एमबीबीएस नाही तर बीएएमएस, तेही नाही तर फार्मसी. या उतरंडीत इमेजिंग टेक्नॉलॉजिस्ट कुठेच नसतो, कारण आपल्या बोलीत तो ‘फोटो काढणारा’. डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायची, याने बटण दाबायचे, पाकीट हातात ठेवायचे, एवढाच त्याचा मान. कर्करोगापुरता तरी हा समज साफ चुकीचा आहे.

गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे बहुतेक वेळा तिचा तुकडा तपासूनच नक्की होते. पण उपचार नुसत्या नावावर ठरत नाहीत, टप्प्यावर ठरतात. गाठ केवढी, लसिका ग्रंथींत शिरली का, यकृत-फुप्फुस-हाडांपर्यंत पोचली का, या तीन प्रश्नांवर टीएनएम ही जगभरची पद्धत उभी आहे आणि त्यांची बरीच उत्तरे सीटी, एमआरआय, पेट-सीटी देतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचेच पाहा. त्याचा टप्पा मुख्यतः डॉक्टरांच्या हाताच्या तपासणीवर ठरे, कारण हा रोग जिथे जास्त, तिथे यंत्रे कमी. ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०१८मध्ये नियम बदलला. आता स्कॅनमध्ये ग्रंथी बाधित दिसल्या तर गाठ लहान असूनही रोग तिसऱ्या टप्प्यात धरला जातो. मग शस्त्रक्रियेऐवजी सहसा किरणोपचार आणि केमोथेरपी पुढे येते. एका चित्राने उपचाराची वाट बदलते.

ते चित्र नीट यावे यासाठी बटणापेक्षा बरेच काही लागते. पेट-सीटीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. भुकेल्या पेशी ती ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. पण रक्तातली साखर वाढलेली असेल तर गाठ फिकी दिसते. इंजेक्शननंतरच्या तासाभरात रुग्ण बोलत बसला तर स्वरयंत्राचे स्नायूच उजळतात. खोली गार असेल तर मानेतली तपकिरी चरबी पेटते आणि ग्रंथींचा भास होतो. अशा वेळी अंगावर घातलेले पांघरूणही निदानाचाच भाग ठरते. शिवाय हा फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे असा फ्लोरिन बनवणारे यंत्र, २००२मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. मुंबईहून नगरला यायला साडेपाच तास धरले, तर निघालेल्या मात्रेचा आठवा हिस्साच उरतो. वेळेचा आणि मात्रेचा हा हिशेब रोज टेक्नॉलॉजिस्टला सांभाळावा लागतो. बारावीचा अर्धायुष्यकाल इथे खरोखर कामाला येतो!

या पेशाबद्दल पालकांची पहिली भीती किरणांची, आणि ती रास्त आहे. म्हणूनच अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा घातली आहे: पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३०पेक्षा जास्त नाही. अंगावर पडलेल्या किरणांची नोंद छातीवरचा टीएलडी बॅज ठेवतो. एमआरआयमध्ये तर असे किरणच नसतात. (सोनोग्राफी मात्र आपल्याकडे गर्भलिंग निदानविरोधी कायद्याच्या चौकटीत डॉक्टरच करतात, ती शिकवण्याच्या जाहिरातीला भुलू नका.) दुसरी शंका कृत्रिम बुद्धिमत्तेची. संगणक चित्रातला डाग दाखवील, पण कण्हणाऱ्या आजीला श्वास रोखायला लावून स्थिर झोपवणार नाही. तरी साध्या एक्स-रेवर थांबणाऱ्याला पुढे अडचण येईल असे मला वाटते. सीटी, एमआरआय, न्यूक्लिअर मेडिसिनपर्यंत जाणाऱ्याला कमी. पगाराबाबत खोटे बोलण्यात अर्थ नाही: छोट्या खासगी केंद्रात सुरुवात तुटपुंजी असते. आणि ‘शेवटी डॉक्टर नाहीच ना’ या आक्षेपाला उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. आरोळे दांपत्याने १९७०पासून जामखेडला गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवा उभी केली. डॉक्टर नसलेल्या माणसांवर ती उभी होती, म्हणूनच जग ती पाहायला आले.

खरा धोका वेगळाच आहे: सहा महिन्यांत ‘एक्स-रे टेक्निशियन’ करून देणाऱ्या पाट्या. २०२१च्या केंद्रीय कायद्याने या क्षेत्रातल्या तंत्रज्ञाच्या डिप्लोमा किंवा पदवीला किमान दोन वर्षे आणि २,००० तास ठरवले आहेत. लोणी आणि विळद घाट इथली वैद्यकीय महाविद्यालये जिल्ह्यातच आहेत; चौकशी तिथून सुरू करा. भौतिकशास्त्राची खरी ओढ असेल तर एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा हा आणखी वरचा रस्ता आहे. कुठेही फी भरण्यापूर्वी एवढे विचारा: मान्यता कोणाची, तास किती, आणि मुलाला प्रत्यक्ष सीटी-एमआरआयवर रुग्णासोबत किती महिने काम करायला मिळणार? तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर मिळाले, तर पैसे खिशात ठेवून घरी या.