‘हवालदिल’मध्ये हवाला आहे का?

प्रश्न : आमच्या मोहन्यातली एनआरसी कंपनी बंद पडली तेव्हापासून ‘कामगार हवालदिल’ असं पेपरात वाचत आलो आहे. या शब्दाचा हवाल्याशी किंवा हवालदाराशी काही संबंध आहे का? हवालदिल म्हणजे घाबरलेला की निराश?
– एक वाचक, मोहने

उत्तर : हवाला आणि हवालदार हे एका घरचे, हवालदिलाचं घराणं वेगळं. मूळ शब्द ‘हौल’. अरबीत हौल म्हणजे दहशत. हिंदीतल्या ‘हौलनाक’मध्येही तोच आहे. त्याला फारसी ‘दिल’ जोडला गेला. फारसी-उर्दूत हौलदिल म्हणजे काळजाची धडधड. ती थांबावी म्हणून उत्तरेत यशब दगडाची चकती ताईतासारखी गळ्यात घालत आणि तिला ‘हौलदिली’ म्हणत. मराठीच्या तोंडी हौलचं ‘हवाल’ झालं, म्हणून हवाल्याचा भास होतो.

आता अर्थ. घाबरणं घटकाभराचं असतं. हताश माणसाची भीतीही संपलेली असते, कारण त्याची आशाच उरलेली नसते. हवालदिल माणूस या दोहोंच्या मध्ये अडकलेला असतो : धीर खचलेला, पण पुढे काय होणार ही धास्ती सुटत नाही. रात्री उशिरापर्यंत पोर घरी आलं नाही, फोनही लागत नाही, की आईबाप हवालदिल होतात. कापणीला आलेल्या भातावर अवकाळी पाऊस कोसळला की शेतकरी हवालदिल होतो. २००९ मध्ये एनआरसी बंद झाली. पगार थांबला, देणी थकली, कॉलनीतलं घर राहील की जाईल ते कळेना. कंपनी पुन्हा सुरू होईल ही आशाही सोडवत नव्हती. त्या माणसांना हताश म्हणणं घाईचं झालं असतं आणि घाबरलेले म्हणणं फारच थोडं. तिथे हाच शब्द हवा.

म्हणूनच ‘उकाड्याने नागरिक हवालदिल’ असे मथळे मला खटकतात. उकाड्याने माणूस हैराण होतो. इतका भारी शब्द असा उधळला, तर खऱ्या संकटाच्या वेळी काय वापरायचं?

‘हवालदिल कामगारांना दिलासा’ हाही तुमच्या वाचनातला मथळा असेल. त्यातल्या ‘दिलासा’तही तोच दिल आहे. एका शब्दात तो दहशतीने धडधडतो, दुसऱ्यात त्याला धीर मिळतो.