होडीतलं सगळ्यात स्वस्त सामान

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठीत अर्ज लिहायचा म्हटला तरी मला घाम फुटतो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिताच आला नसता, कारण तो मला मामाने शिकवला, मालवणीत आणि ओरडून.

मामाचं घर मालवण तालुक्यात, कर्ली खाडीच्या काठाला. त्याची अठरा फुटी फायबरची होडी आहे आणि मागे २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. गेल्या मे महिन्यात मामा, मामी, आठ वर्षांचा मामेभाऊ आणि मी खाडीत फिरायला निघालो. सेकंड इयर नुकतंच संपलेलं, डोक्यात हवा. "तू बस रे मामा, होडीची तयारी मी करते, मी मेकॅनिकलची आहे!" पेट्रोल बघितलं, ऑइल बघितलं, स्टार्टरची दोरी ओढली, इंजिन पहिल्या झटक्यात चालू. पंधरा मिनिटं होडी मस्त पळाली. मग भावाला गळ टाकायचा होता म्हणून मध्यावर इंजिन बंद केलं. थोड्याच वेळात त्याची चप्पल होडीच्या आत तरंगायला लागली.

मामाने एकच प्रश्न विचारला, "बूच लावलंस काय गो?"

नव्हतं लावलं.

१. बूच

होडीच्या मागच्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, अगदी तळाशी एक भोक असतं. होडी वाळूवर ओढली की आतलं पाणी त्यातून निघून जातं. पाण्यात लोटण्याआधी त्याला बूच लावायचं, एवढंच काम.

मग पळताना पाणी का नाही भरलं? वेगात असताना फळीमागचं पाणी मागे सुटतं, तिथला दाब कमी होतो आणि आतलं पाणीच बाहेर ओढलं जातं. थांबलात की उलटं सुरू. घरी आल्यावर मी गणित केलं. भोक २५ मिलिमीटरचं, पाण्याच्या पातळीखाली २० सेंटिमीटर. टॉरिसेलीच्या सूत्राने वेग येतो सेकंदाला साधारण २ मीटर. डिस्चार्ज कोएफिशियंट ०.६ धरला तर मिनिटाला सुमारे ३५ लिटर पाणी आत. तोच वेग टिकला तर दहा मिनिटांत ३५० किलो, म्हणजे पाच मोठी माणसं न सांगता होडीत बसल्यासारखी. आणि ही माणसं एका जागी बसत नाहीत. होडी जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. फ्ल्युइड मेकॅनिक्समध्ये मला ६८ मार्क आहेत. तरी बूच विसरले.

२. बिल्ज पंप आणि बादली

तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या १२ व्होल्टच्या छोट्या पंपाला बिल्ज पंप म्हणतात. मामाच्या पंपावर तासाला ५०० गॅलन असं लिहिलंय. गॅलन अमेरिकन धरला तर मिनिटाला ३१-३२ लिटर, तेही पाणी वर चढवायचं नसेल तेव्हा. पाइप काठाच्या वरून काढला की आकडा खाली येतो, बॅटरी उतरली की आणखी खाली. थोडक्यात, भोक पंपाला हरवतं.

आम्हाला वाचवलं ते मामीच्या बादलीने आणि मामाच्या बनियनने. दहा लिटरची बादली मिनिटाला आठ वेळा रिकामी केली तर ८० लिटर होतात. फक्त माणूस दमतो. म्हणून मामाने आधी बनियनचा बोळा करून भोकात कोंबला. मोठ्या बोटींवर जिथे जिथे पाण्याखाली भोक असतं, तिथे लाकडी निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवतात, ती याचसाठी.

३. लाल दोरी

इंजिनच्या स्विचला एक क्लिप असते आणि क्लिपला गुंडाळीची लाल दोरी. तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याने मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायचं. तो पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं. दोरी नसेल तर रिकामी होडी गोल गोल फिरत राहते आणि पंखा त्याच माणसावर परत येऊ शकतो. बरेच जण दोरी नुसती हँडलला टांगून ठेवतात. हेल्मेट आरशाला लटकवून बाइक चालवणारे आपल्या पार्किंगमध्ये कमी आहेत का?

४. इंजिनची छोटी मंडळी

चालू आउटबोर्डच्या मागून पाण्याची बारीक पिचकारी उडते. थंड करणारं पाणी फिरतंय याची ती खूण. प्लास्टिकची पिशवी अडकली की पिचकारी थांबते. तेव्हा लगेच इंजिन बंद करायचं, नाहीतर ते तापून बसतं.

खाली इंजिनच्या पायाला जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमच्या आधी तो झिजतो, झिजण्यासाठीच तो असतो. थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरला झोपलात तरी चालेल, पण या तुकड्यावर रंग मारू नका. रंग मारला की त्याचं काम बंद आणि इंजिनचा पाय खायला सुरुवात.

पंख्याच्या मधोमध रबरी बूश असतो, काही लहान इंजिनांत पिन. पंखा खडकावर आपटला की आधी ते तुटावं आणि गिअर वाचावा. फ्यूजच म्हणा.

५. बाकीचं

नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सात पट हवा आणि नांगराजवळ थोडी साखळी, म्हणजे ओढ आडवी राहून नांगर रुततो. दोराचं दुसरं टोक होडीला बांधलंय ना, ते नांगर टाकण्याआधी बघा. हसू नका, मामाच्या एका मित्राचा नांगर खाडीच्या तळाशी आहे. एक वल्हं हवंच, कारण त्याला पेट्रोल लागत नाही. रात्रीसाठी डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा दिवा. आणि फोनमध्ये १५५४ हा तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर.

सगळ्यात शेवटी लाइफ जॅकेट. त्या दिवशी आमच्याकडे चार जॅकेटं होती. नाळेखाली, गोणीत, तोंड घट्ट बांधून. मी आणि मामा उपसत होतो आणि मामी एका हाताने बादली, दुसऱ्या हाताने पोराला धरून. त्याला पोहता येत नाही. गोणीची गाठ कोणालाच सुटली नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट इंजिनच्या चाचणीत ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली, पंधराजण गेले. ती बातमी मी होस्टेलच्या टीव्हीवर जेवता जेवता बघितली होती. गोणीची गाठ सोडताना ती आठवली.

आम्ही सुखरूप परतलो. मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी बूच घेतलं आणि हातभर दोरीने लाल दोरीच्या क्लिपला बांधून टाकलं. क्लिप बसवल्याशिवाय इंजिन चालू होत नाही आणि क्लिप हातात घेतली की बूच हातात येतंच. आपल्या पुस्तकात याला पोका-योके म्हणतात. मामाने ते बघितलं आणि नुसतं "हां" म्हणाला. मला डिस्टिंक्शन मिळाल्यासारखं वाटलं.

इंजिन लाखांत येतं, ते सगळे तपासतात. बूच, दोरी, बादली, जस्त काही रुपयांत येतं आणि विसरलं जातं. फायनल इयरच्या प्रोजेक्टला हात घालण्याआधी तुमच्या मशीनमधलं बूच कुठलं, तेवढं शोधून ठेवा.